डोळा

शेंदूरजन्याच्या रोपवाटिकेत
झाबूजी जंबेरीचा खुंट चिरतात,
सालीखाली संत्र्याचा डोळा सरकवतात,
वरून प्लास्टिकची पट्टी. घट्ट.

मी तिसऱ्याच दिवशी सोडून पाहिली.
"काहून उघडलं वं? वारं लागलं का सुकते."

सुकलाच.

त्यांना अक्षर येत नाही.
बांधताना ओठ हलतात, नाव ऐकू येत नाही.
कोणाचं विचारलं तर म्हणतात,
"ज्याचं झाड, त्याचंच."

दुसरा बांधला. एकवीस दिवस
पाणी घातलं आणि हात मागे घेतला.
रात्री झोप येईना,
आत काय चाललं असेल?

बाविसाव्या सकाळी पट्टी त्यांनीच सोडली.
हिरवा होता.

खुंट तसाच, आंबट, काटेरी.
पण आता पाहत होता.