टंच

मामंजींनी सेलममध्ये सदतीस वर्षं चांदी गाळली.
भट्टीपुढं बसायचं, मुशीतला रंग बघायचा
आणि किती टंच ते नजरेनं सांगायचं.
आता पळशीच्या माळावर, द्राक्षबागेच्या वरच्या अंगाला,
लोखंडी खाटेशेजारी दुर्बीण मांडून
ते ताऱ्यांचा टंच काढतात.

मी वही धरते. बॅटरीला पतंगाचा लाल कागद.
बी.एस्सी. झालेल्या सुनेचा एवढा तरी उपयोग,
असं म्हणून सासूबाई
चहाचा थर्मास ठेवून जातात.

फेब्रुवारीत शेंडेनक्षत्र आलं.
शेजारच्या अनुसयाबाईंनी विचारलं, कुणावर?
"कुणावर नाही. सूर्याला वळसा घालून माघारी चाललंय.
आपल्याकडं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही त्यानं."
भिंगाला डोळा लावून बाई बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, हे तर नुसतं कापसाचं बोंड.
शेपूट कुठाय?
शेपूट फोटोत असतं, मामंजी म्हणाले,
आणि माझ्याकडं वळून : लिही,
आठ पूर्णांक एक. धुरकट. मधे दाट.

चैत्रात, पहाटे, वृश्चिकाच्या नांगीजवळ
नकाशात नसलेला एक ठिपका.
फोनवर निरोप आलाच होता : नवतारा.
त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.
शिसं जळत जळत सरतं
आणि शेवटी चांदी डोळा उघडते,
लख्ख,
त्या पळाला गलाईवाला पापणी लववत नाही.
"तसाच हा."
नाही मामंजी, म्हटलं, हा विझत आलेला तारा.
शेजारणीकडनं वायू ओढत बसतो वर्षानुवर्षं,
थर साचतो, आणि एका रात्रीत पेटतो.
"म्हणजे उसनवारीची दिवाळी."

सात पूर्णांक आठ, आम्ही लिहिलं.
पुण्याच्या पोरानं सात पूर्णांक एक,
धारवाडच्या मास्तरांनी सात पूर्णांक दोन,
ब्राझीलमधल्या कुणा बाईनं तेवढंच.
तीन पहाटे असंच.
सगळ्या पृथ्वीला उजळ, पळशीलाच फिका.
मी विचारलं, खोडू?
"खोडायचं नाही. दिसलं तेवढंच लिही."

चौथ्या पहाटे त्यांनी दुर्बीण सोडली
आणि खालच्या वस्तीवरच्या दिव्याकडं
एकेक डोळा झाकून बघितलं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न :
भट्टीवर होता का कधी?
मोतीबिंदू जुना, पिवळा पडलेला.
तुलनेला घेतलेला तांबडा तारा त्यातनं नीट यायचा,
नवताऱ्यातलं निळं तेवढं अडायचं.
सदतीस वर्षांची धग
बुबुळामागं साचत होती, थरावर थर,
आणि ती कुणाच्याच नोंदीत नव्हती.

उजव्याचं ऑपरेशन झालं. परत आल्यावर पहिल्या रात्री
ते चित्रेकडं बघून हसले नुसते.
डाव्याला अजून महिनाभर आहे.
तोवर वहीत दोन खाने :
डावा, उजवा. एका माणसाचे दोन आकडे.

काल हंसातला तो जोडतारा लावला.
त्याचा खरा उजेड क्ष-किरणांचा,
हवा तो वरच्या वर अडवते, उपग्रहालाच काय तो दिसतो.
आपल्या वाट्याला कधीमधी एक मंद ठिणगी :
खाणारा काळा, त्याचं काही दिसत नाही,
ज्याचं ओरबाडलं जातं
ते पडता पडता तापतं, तेवढंच.
मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"सेलमचा शेटही दुकानात कधी दिसला नाही."

रात्री एक वाजून चाळीस मिनिटं. आभाळ स्वच्छ.
उजव्या खान्यात मी लिहिलं, दिसला नाही.
नोंद ती नोंदच.
डाव्या खान्यावर पेन टेकवून थांबले.

"त्याला विचारू नको," म्हणाले,
"तो अजून भट्टीकडंच बघतोय."