जेवत्याला उठवू नये

चिंबायच्या उत्तरेला, सात नंबरच्या कापूसशेतात
एकतीस वर्षं मी कापड पुरत आले.
पांढरं, सुती, वीतभर,
काचेच्या पट्टीला चार टाके घालून.
तीस दिवसांनी उकरायचं,
धुवायचं, वाळवायचं, तराजूत घालायचं.
वजन जितकं घटलं तितकी माती जिवंत.
एवढंच माझं शास्त्र,
बाकी शिक्के आणि नुकूसला जाणाऱ्या फायली.

पाटाकडेच्या तुतीखालून निघायची नुसती जाळी,
गुलाबी, शेवाळी डाग पडलेली,
बोट लावलं की भुगा.
जेवणारे कधी दिसले नाहीत,
उष्टं तेवढं सापडायचं.

सात नंबरातून कापड यायचं
इस्त्री केल्यासारखं.
"चांगलं टिकलं की," साहेब म्हणायचे.

ओराझबाय, तू वरून जायचास,
दुहेरी पंखांच्या त्या विमानातून, पहाटे, वारा पडलेला असताना.
मागे दुधासारखं लांबलचक शेपूट.
बोंडअळी मेली, लाल कोळी मेला,
कोळ्याला खाणारा किडाही मेला,
आणि त्याखाली जे मेलं
त्याला आमच्या तक्त्यात रकाना होता, नाव नव्हतं.
संध्याकाळी तुझ्या कॉलरला वास यायचा,
आपण त्याला पगाराचा वास म्हणायचो.

दिवसा मी लिहायचे : घट दोन टक्के.
रात्री तुला पुलाव वाढायचे.
मधे काही बोलले नाही.
माती खाल्ली आपण दोघांनी,
तू उडून, मी गप्प राहून.
मातीनं मात्र तोंड उघडलं नाही.

तुझं कफनही सुतीच होतं.
टेकडीवर खड्डा खणला तेव्हा
मी सवयीनं ढेकूळ उचलून हुंगलं.
कसलाच वास नाही. थोडं मीठ.
मूठमाती दिली, हात झटकले.
वजन करायला मी तिथं पुन्हा जाणार नव्हते.

पण तुझा गणवेशाचा सदरा उरला होता.
मधोमध फाडला :
अर्धा तुतीखाली, अर्धा सात नंबरात,
जिथं एकोणीस वर्षं कुणी पेरलं नाही,
फवारलंही नाही. फक्त जवासा माजलाय.

तुतीखालचा अर्धा गेला.
तिथं तीन बटणं सापडली.
सात नंबरातला तसाच,
कोपराची घडीसुद्धा मोडली नव्हती.
झटकून पिशवीत घालणार,
तर बाहीच्या टोकाशी, जवाशाचं मूळ जिथं टेकलं होतं,
मसुरीच्या डाळीएवढं भोक.
कड गुलाबी.
मी करंगळी घातली. गेली.

घरी तराजू अजून आहे, पितळेचा.
त्याला काहीच कळलं नाही. काटा हलला नाही.
वहीत तारीख घातली,
घटीच्या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून ठेवलं.

मग उन्हं उतरल्यावर परत गेले,
बाही होती तशी, त्याच मुळाला लावून
पुरून आले.
खुणेची काटकी नाही रोवली.
जेवत्याला उठवू नये.