मूळ गाव

चेंबूर कॅम्प, बरॅक नंबर चौदा.
पुनर्विकासाचा सर्व्हे. मी उंबऱ्यात फॉर्म घेऊन,
हरदेवी लालचंदाणी खाली फरशीवर,
विणायच्या सुईनं
कमळकाकडीच्या भोकांतला चिखल काढत.

वय?
"फाळणीला सात पुरी."
मी वजाबाकी करतो.

मूळ गाव?
"शिकारपूर."
टॅबच्या यादीत सापडत नाही.
तो सुचवतो: शिक्रापूर, तालुका शिरूर, जिल्हा पुणे.
"टाक तेच," ती म्हणते,
"पुण्याची हवा चांगली."

बरॅक पाडणार. तोवर संक्रमण शिबिर,
दोन वर्षं, फार तर तीन.
"शिबिर म्हणजे कॅम्पच ना रे?"
मी पान उलटतो.

सही करता करता मधेच:
"आणि तुझं?"
सर्व्हेवाल्याला कुणी विचारत नाही हे.
कोयनेच्या धरणात, म्हणालो.
मी पाहिलेलं नाही.

तिनं पेन ठेवलं.
त्यातलं एक लांब कांडं उचलून
ओलंच माझ्या फॉर्मवर ठेवलं.
"घरी ने.
धुताना आतून फुंकर मार जोरात,
नाहीतर माती
दाताखाली येते."