एकेचाळीस

मांजरीच्या प्लॉटवर तेव्हा वांग्यांना नावं नव्हती,
नंबर होते.
पत्र्याच्या पट्टीवर काळ्या रंगात मी ते लिहायचो,
पुसले गेले की पुन्हा तेच लिहायचो.

सकाळी सातला चांगुणाबाई घुले यायच्या,
चष्मा दोऱ्याने बांधलेला, हातात बारीक चिमटा.
कळी उमलायच्या आत पुंकेसर खुडायच्या,
कागदी पिशवी चढवून टाचणी मारायच्या.
"ह्यांचं लगीन आपण जमवायचं,
भुंग्याला विचारायचं न्हाई."

एकेचाळीस निघालं ते बेढब.
देठाला काटे, जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा,
कुणी खडूने हिशेब मांडून अर्धा सोडल्यासारख्या.
पण भाजलं की साल एका ओढीत निघायची,
आणि चांगुणाबाई बोट चाटून गप्प बसायच्या,
जे एरवी कधी घडत नसे.

उपासनीसाहेबांच्या तक्त्यात नऊ रकाने होते.
वजन, आकार, अळी, क्रेटमध्ये रचता येतं का.
भरताचा रकाना नव्हता.
मार्चअखेर मीच लाल शाईने लिहिलं : शिफारस नाही.
ट्रॅक्टर फिरला. मी पट्टी घासली
आणि तिच्यावर बेचाळीस लिहिलं.

पुढच्या संक्रांतीला चांगुणाबाईंनी वाण लुटलं.
आरसे नाहीत, फण्या नाहीत,
वर्तमानपत्राच्या पुड्या, प्रत्येकीत चिमूटभर बी.
बायकोने ओट्यावर पुडी ठेवली. मी ओळखलं.
सरकारी बी होतं ते,
म्हणजे सरकारला नको असलेलं.
मी तिळगूळ खाल्ला.

काल हडपसरच्या मंडईत, सव्वीस वर्षांनी,
एका पोरीच्या टोपलीत ती अर्धी सोडलेली रेघ.
"कुठलं वाण गं हे?"
"वाण कसलं काका, घरचंय."
काटे कमी झालेत, रंग जरा उतरलाय.
शेजारच्या वाफ्यातली माशी आली-गेली असणार,
इतकी वर्षं पिशव्या कोण बांधतंय?
पवळ्याच्या म्हणीत वाण लागत नाही, गुण लागतो.
इथे काय लागलं, काय राहिलं,
तपासायला माझ्याकडे आता तक्ताही नाही.

दोन वांगी आणली, गॅसवर धरली.
एकाची साल एका ओढीत निघाली.
दुसऱ्याची तुकड्यातुकड्याने, बोटं भाजत.

पहिल्याचं बी ठेवावंसं वाटलं, पण कोवळं होतं,
त्यात भाजलेलं. ते उगवत नसतं.
उद्या पुन्हा जायला हवं मंडईत.
त्या पोरीला सांगायचंय, एखादं तोडू नकोस.
झाडावरच पिवळं होऊ दे.