चिंचेची कड

लकडगंजात सकाळी अकरालाच
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
आऱ्याच्या शेडमागे, जिथे गिऱ्हाईक जात नाही,
भुशाच्या ढिगाला टेकून ती उभी होती.
साडेचार फूट.
एका बाजूने सरळ कापलेली,
दुसऱ्या बाजूने जशी वाढली तशी,
साल अजून अंगावर.

"चिंच आहे जी," दौलत बुरडकर मिस्त्री
माझ्याकडे न पाहता बोलले.
"खाटीक नेतात, ठोकळ्याले. तुम्ही सागवान पाहा.
चिंच कोणी घरात ठेवते काय, बाप्पा!"

सागवान पाहिलं.
गुणी होतं, पहिल्या बाकावर बसणारं.
मी परत मागे गेले.

त्यांना कड सरळ करायचीच होती.
पेन्सिल कानावर, निळं सूत मारूनही झालेलं.
"दोन इंच उडवतो, मंग पाहा कशी पाटासारखी होते."
राहू द्या, म्हटलं.
"वाकडीच?"
वाकडीच.
"पैसे तेवढेच लागतीन."
लागू द्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला.
सालीच्या आत चार बोटं, खिळा.
पटाशीची धार गेली, तिचे दीडशे वेगळे.
मी रिक्षा करून गेले बघायला.
लोखंडाभोवती लाकूड निळंकाळं झालं होतं,
शाळेच्या दप्तरात दौत सांडावी तसं,
आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.
झाडाने तो गिळला होता आणि वर तोंड मिटलं होतं.
कोणी ठोकला असेल?
ट्यूब टांगायला पंक्चरवाल्याने,
शिकवणीची पाटी लावायला कुणा मास्तराने,
की दोरी बांधायला एखाद्या बाईने,
जिची वाळत घातलेली लुगडी
त्या सावलीत कधीच नीट वाळली नसतील.
मिस्त्री म्हणाले, "चौकोनी आहे. लोहाराच्या हातचा.
आता असे येत नाहीत. काढू?"
मी काही बोलले नाही.
त्यांनी कानस घेतली आणि तो पृष्ठभागाशी घासून बरोबर केला.

माझा भाचा पुण्याहून फोनवर सांगत होता,
मावशी, याला जिवंत कड म्हणतात, फार महाग असते.
मी ते मिस्त्रींना सांगितलं.
त्यांनी खर्रा या गालातून त्या गालात सरकवला.
"कायची जिवंत? कापली ना तिले."

साल मात्र मीच काढली,
भाजी चिरायच्या जुन्या सुरीने, चार संध्याकाळी,
कूलरच्या तोंडासमोर बसून.
खाली किड्यांचे रस्ते निघाले,
मोडीत लिहिल्यासारखे, एकाला एक जोडलेले.
आजोबांचे मोडीतले कागदही मला कधी लागले नाहीत.
मी त्यांवर जवसाचं तेल फिरवलं.
पिवळा भाग मधासारखा झाला,
आतला गाभा
जांभूळ खाल्लेल्या जिभेच्या रंगाचा.

मे महिन्यात दोन रात्री लाईट नव्हती.
दुसऱ्या रात्री आवाज झाला,
मला वाटलं कोणी दार वाजवलं.
सकाळी पाहिलं तर वीतभर तडा.
मिस्त्री आले, कुठेही "मी सांगितलं होतं" नाही,
नुसता खिशातून डमरू काढला,
बोटाएवढा, सागवानाचा,
आणि तड्यावर आडवा बसवून दिला.
म्हणजे शेवटी सागवान घरात आलंच.
चहा प्यायले. कप कुठे ठेवावा ते त्यांना कळेना,
हातातच धरून बसले.

कॉफी आमच्याकडे कोणी पीत नाही.
टेबलावर वर्तमानपत्र असतं, चष्म्याचं घर, विजेचं बिल,
संत्र्याच्या बिया मोजून ठेवायची माझी सवय.
शेजारच्या गोडबोलेबाई लांबूनच विचारतात,
रात्री काही आवाज येतो का हो?

येतो.
पाण्याला उठते तेव्हा
फांदी फुटणार होती तिथला फुगवटा
गुडघ्याला लागतो, रोज तिथेच.
दिवा न लावता मी म्हणते, सरक ना.
मग थोडा वेळ दोघी तशाच,
आणि मीच वळसा घालते.