त्रेसष्टावी ओळ

मातोझिन्योशला, बंदरामागच्या आमच्या कारखान्यात
मंगळवारी सकाळी दहा-चाळीसला
त्रेसष्ट फोन एकदम थरथरले
एप्रनांच्या आत, रबरी हातमोज्यांना न सापडणारे.
हिशेबाच्या खोलीतल्या ग्रासिएतला
ऑगस्टच्या सुट्ट्यांचा तक्ता पाठवायचा होता.
पाठवला पगारांचा.

सात मिनिटांनी दुसरा निरोप:
कृपया न उघडता नष्ट करावा.
मग ज्यांनी उघडला नव्हता
त्यांनीही उघडला.

नावं अकारविल्हे. आमच्या लिपीत मी, झुल्मिरा, शेवटची.
शाळेपासून हेच, माझ्यापर्यंत येईतो
मास्तरांचा आवाज दमलेला असायचा.
स्वतःचा आकडा मला पाठ होता: आठशे पंच्याहत्तर.
तरी आधी तोच पाहिला,
आरशासमोरून जाताना बघतो तसा.
मग बोट वर सरकवलं.
काय करणार. सरकवलं.

फोर्कलिफ्टवरचा पोरगा, मार्चमध्ये आलेला: नऊशे चाळीस.
मालकाचा भाचा, ज्याचं काम काय ते त्यालाही ठाऊक नाही,
असो.
त्यांच्यावर चिडणं सोपं होतं, सगळ्या चिडल्या,
सार्डिनची मुंडकी त्या तासाभरात जरा जोरात तुटली.

ओळ बारा. देओलिंदा.
आठशे पस्तीस.

माझ्या डावीकडे उभी असते ती.
सतरा वर्षांपूर्वी तिनंच माझा अंगठा धरून शिकवलं
कल्ल्याखाली सुरी कुठे टेकवायची,
आतडं न फुटता कसं ओढायचं,
मासे डब्यात कसे निजवायचे,
मानेशी शेपूट, शेपटीशी मान,
एका खाटेवर भावंडं निजतात तसे.
शुक्रवारच्या कॉफीचे पैसे तीच द्यायची.
म्हणायची, "तुला पोरं आहेत."

म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची.
आमच्या उघडल्या तर निघाला चाळीस युरोंचा फरक
आणि मासळीचा वास, दोन्हींना सारखाच.

कारण शोधलं. एवढंच सापडलं:
पहिल्या दिवशी सेन्योर अर्मिंदो म्हणाले होते, किती हवेत?
मी बोटांवर बेरीज केली
आणि बसचं भाडं दोनदा धरलं.
चूक कळली ती परतीच्या बसमध्ये.
तोवर ते 'बरं' म्हणून गेले होते.
देओलिंदाला कुणी विचारलंच नसेल,
किंवा विचारलं तेव्हा ती म्हणाली असेल, तुम्ही द्याल ते.

दुपारी पुठ्ठ्याच्या खोक्यावर तिनं पेन्सिलीनं मांडलं.
वर्षाला आमच्याकडे चौदा पगार.
चाळीस गुणिले चौदा गुणिले सतरा.
नऊ हजार पाचशे वीस.
उत्तराखाली रेघ मारली,
त्याच खोक्यात डबे भरले, पट्टी लावली
आणि लियॉनच्या गाडीवर चढवून दिलं.

शुक्रवारी काउंटरवर तिनं ऐंशी सेंट मोजले.
एका कॉफीचे.
मी साखर ढवळत राहिले.
मी साखर घेत नाही.

ग्रासिएतला नोटीस मिळाली म्हणे.
पोरगी जिन्याखाली रडताना दिसली.
ओळ चोवीस, आठशे अठ्ठावीस;
रडणाऱ्या माणसाचा आकडाही आता आम्हाला माहीत असतो.

सोमवारी, हातमोजे चढवण्याआधी, देओलिंदा आली.
"त्या दिवशी तू नेमकं काय म्हणालीस अर्मिंदोला?
शब्द सांग. जसेच्या तसे."
सांगितले. सहाच होते.
तिनं ते पुटपुटून पाहिले,
दुसऱ्याच्या घराची किल्ली
आपल्या कुलपात फिरवून बघावी तसे.
"भाडं," ती म्हणाली, "मी तीनदा धरीन."

हिशेबाच्या खोलीचा जिना एकवीस पायऱ्यांचा.
अकराजणी चढतोय आम्ही, एप्रन ओले,
पायऱ्यांवर मागे खवले चिकटताहेत.
देओलिंदा पुढे. मी कुठेतरी मधे.
वर ग्रासिएत
दार धरून उभी आहे.