मायक्रोव्होल्ट

सोहारच्या बंदरामागे, सबस्टेशनात
एकोणीस वर्षं अकरा हजार व्होल्टच्या शेजारी वावरलो.
टेस्टर लावल्याशिवाय तारेला शिवायचं नाही,
एवढं एकच सोवळं मी पाळलं.
आज माझ्याच पापणीखाली
केसाहून बारीक तार ठेवली मारिसेलने,
एक चकती कपाळावर, एक कानाशी.
"अर्थिंग," मी म्हणालो. ती हसली.

काळोखी खोली. पडद्यावर बुद्धिबळाचा पट,
सोंगट्या नाहीत, डाव नाही,
नुसती घरं उलटतायत
काळ्याची पांढरी, पांढऱ्याची काळी,
आणि मधल्या लाल ठिपक्याला मी खिळलेला.
पापणी लवली की म्हणायची, पुन्हा.

किती निघतो करंट?
एका व्होल्टचे दहा लाख तुकडे कर, ती म्हणाली,
त्यातले चार-पाच.

एवढ्यावर पाहिलं मी सगळं?
लेकीचं बारसं, वाळूचं वादळ,
पगाराच्या पावतीवरची बारीक अक्षरं?

डॉक्टर खुलूदने कागद माझ्याकडे फिरवला.
चढण ठीक. उतार मात्र उथळ,
जिथे दरी हवी तिथे नुसता खळगा.
दाब काठावर आहे, नजरेचा नकाशा स्वच्छ,
पण पेशी दमल्यात.
मेल्या नाहीत अजून.
ते 'अजून' ती आधी अरबीत म्हणाली, मग हिंदीत.

मला समजलं.
लोड वाढला की वायर आधी कोमट होते.
तेव्हा दिवा लागलेला असतो, पंखा फिरत असतो,
घरातलं कुणी वर बघत नाही.

अण्णा डाव्या चौकटीला धडकायचे.
तांब्या कलंडायचा, ताटाला पाय लागायचा.
आळीत म्हणायचे, चढलीय.
आम्हीही खेकसायचो, समोर बघून चाला की!

समोरच बघत होते ते.
तेवढंच उरलं होतं.

काचबिंदू हा शब्द आमच्या घरात
काठीच्या मागून आला.

आता रात्री दहाला थेंब. एकेक डोळ्यात एकेक,
नाकाकडचा कोपरा दाबून दोन मिनिटं.
मग राजापूरला फोन, धाकट्याला.
तपासून घे. रत्नागिरीत हे यंत्र नसेल तर कोल्हापूर गाठ.
तो म्हणतो, पण मला सगळं नीट दिसतंय, दादा.

खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत,
नांगरलेल्या जहाजांचे दिवे,
मोजले तर सतरा.
मलाही, मी म्हणतो.
मलाही.